विश्लेषण : बीचची जंगले हिरवीगार, तरीही युरोपातले शास्त्रज्ञ चिंतेत का?

जर्मनीत दर दहा वर्षांनी जंगलांची गणना होते. २०२२ च्या गणनेचे निष्कर्ष ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झाले आणि त्यातला एक आकडा सरकारला चांगलाच अडचणीत आणणारा निघाला. २०१७ पासून जर्मन जंगलांतला कार्बनचा साठा सुमारे ४ कोटी १५ लाख टनांनी घटला होता. जी जंगले हवेतला कार्बन शोषून घेतील असे गृहीत धरून हवामानाची उद्दिष्टे ठरली, तीच जंगले उलट कार्बन सोडू लागली होती. जर्मनीच्या हवामान कायद्यानुसार जंगले आणि जमीन मिळून २०३० पर्यंत वर्षाला किमान अडीच कोटी टन कार्बन डायऑक्साइड शोषणे अपेक्षित आहे. ते गणित आता जुळवायचे कसे, हा प्रश्न आहे.

या घसरणीत मोठा वाटा आहे स्प्रूस या सूचिपर्णी झाडाचा. २०१८ ते २०२० अशी लागोपाठ तीन वर्षे दुष्काळाची गेली आणि सालीखाली घर करणाऱ्या भुंगेऱ्यांनी स्प्रूसचे डोंगरच्या डोंगर उजाड केले. जर्मन अंतराळ संस्थेने उपग्रहचित्रांवरून केलेल्या अभ्यासानुसार जानेवारी २०१८ ते एप्रिल २०२१ या काळात सुमारे ५ लाख हेक्टरवरची झाडे गेली. मुंबई शहर आणि उपनगर मिळून साधारण ६० हजार हेक्टर भरतात. म्हणजे आठ मुंबईंएवढे जंगल, सव्वातीन वर्षांत.

रिकाम्या झालेल्या जमिनीवर लावायचे काय, याचे उत्तर अनेकांच्या मते तयारच होते. स्प्रूस माणसाने आणून लावलेला. तिथला मूळचा रहिवासी बीच. त्याला परत आणा. अडचण अशी की, याच बीचबद्दल गेल्या पाच-सहा वर्षांत जे संशोधन येते आहे, ते काळजी वाढवणारे आहे.

बीच म्हणजे नेमके कोणते झाड?

'बीच' असे टाइप केले की मोबाइल तुम्हाला अलिबागला नेतो. 'इंडियन बीच' शोधले तर चक्क करंज समोर येतो. इंग्रजीत करंजाला हे नाव पडले असले तरी करंज शेंगवर्गातला आहे, त्याचे बीचशी काही नाते नाही. खरा बीच हा ओक आणि चेस्टनटच्या कुळातला. भारतातल्या जंगलांत तो नैसर्गिकरीत्या आढळत नाही. त्यातल्या त्यात जवळचा नातेवाईक शोधायचा तर उत्तराखंडातला बांज, म्हणजे हिमालयी ओक.

युरोपातल्या बीचचे शास्त्रीय नाव फॅगस सिल्व्हॅटिका. पानझडी झाड, ३०-४० मीटर उंच, राखाडी आणि म्हातारपणीही गुळगुळीत राहणारी पातळ साल. त्याची खरी ताकद आहे सावलीत. बीचच्या दाट छत्राखाली दुसऱ्या झाडांची रोपे तग धरत नाहीत, त्याची स्वतःची रोपे मात्र वर्षानुवर्षे अंधारात वाट पाहत उभी राहतात. एखादे मोठे झाड पडले, वर उजेडाची खिडकी उघडली, की ती झपाट्याने वर येतात. या एका गुणाच्या जोरावर हिमयुगानंतर दक्षिणेकडच्या आसऱ्याच्या जागांतून निघालेल्या बीचने हजारो वर्षांत मध्य युरोप व्यापला. माणसाने कुऱ्हाड चालवली नसती तर आज जर्मनीच्या सुमारे दोन तृतीयांश भूभागावर बीचचीच जंगले असती, असे अभ्यासक मानतात. प्रत्यक्षात तिथल्या जंगलात बीचचा वाटा १६-१७ टक्के उरला आहे. जुन्या बीचवनांचे तुकडे २००७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. सुरुवात स्लोव्हाकिया आणि युक्रेनपासून झाली, आता त्यात १८ देशांतली जंगले आहेत.

आणि आपल्याशी त्याचा काय संबंध? थेट फारसा नाही. पण कपाटात 'मोडाल' असे लेबल असलेला मऊ टी-शर्ट असेल, तर त्याचा धागा बीचच्या लाकडाच्या लगद्यापासून बनलेला असण्याची बरीच शक्यता आहे. ऑस्ट्रियातली लेन्झिंग ही कंपनी तो अनेक वर्षे बनवते. फर्निचरच्या दुकानात 'स्टीम बीच' नावाने मिळणारे फिकट गुलाबीसर लाकूडही युरोपातून येते. बीचला वाफ दिली की तो वाकतो. मायकेल थोनेटने १८५९ मध्ये याच गुणावर '१४ क्रमांकाची' प्रसिद्ध खुर्ची केली. सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट, आणि सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटर खोक्यात. आजच्या 'घरी नेऊन स्वतः जोडा' फर्निचरची ती पणजीच म्हणायची. मात्र हेच लाकूड पावसात ठेवले तर काही वर्षांत कुजते आणि दमट हवेत खूप फुगते. त्यामुळे घराच्या बांधकामात स्प्रूसची जागा ते सहज घेऊ शकत नाही. जर्मनीत पानझडी लाकडाचा मोठा हिस्सा आजही शेकोटीत जातो.

२०१८ मध्ये काय बिघडले?

त्या वर्षी ऑगस्टमध्येच बीचची पाने करपून गळू लागली. झाडे ऑक्टोबरचा रंग दोन महिने आधी दाखवत होती. पुढच्या वर्षी अनेक झाडांचे शेंडे फुटलेच नाहीत. २०१९ आणि २०२० मध्ये कित्येक झाडे उभ्या उभ्या वाळली. दुष्काळाचा फटका बसतो एका वर्षी आणि झाड मरते दोन वर्षांनी, हे बीचच्या बाबतीत वारंवार दिसले.

आत काय होते ते समजायला सोपे आहे. झाडात पंप नसतो. पानांतून पाण्याची वाफ होते आणि त्या ओढीने खोडातल्या केसाहून बारीक नळ्यांमधला पाण्याचा अखंड स्तंभ वर खेचला जातो. माती कोरडी पडली की खालून पाणी येत नाही, वरून ओढ मात्र चालूच. ताण वाढत जातो, एका क्षणी नळीत हवेचा बुडबुडा शिरतो आणि स्तंभ तुटतो. ती नळी बाद. मेकॅनिकल शिकलेल्यांना पंपातले कॅव्हिटेशन आठवेल. प्रकार तसाच, फक्त इथे पार्ट बदलून मिळत नाही. ज्या फांदीच्या पुरेशा नळ्या बाद झाल्या, ती फांदी वाळते. सर्वात लांब पाणी शेंड्याला न्यावे लागते, म्हणून मरण शेंड्यापासून सुरू होते. त्यात बीचची पाणी शोषणारी बारीक मुळे बहुतांशी मातीच्या वरच्या थरात. शेजारची झाडे तोडल्याने किंवा मेल्याने ऊन थेट खोडावर आले, तर ती पातळ साल अक्षरशः भाजते.

जर्मनीत १९८० च्या दशकापासून दरवर्षी झाडांच्या शेंड्यांची पाहणी होते. २०२२ आणि २०२३ या दोन्ही वर्षी जवळपास ४५ टक्के बीचच्या झाडांचे छत्र स्पष्टपणे विरळ झालेले आढळले. मोठा आवाका असलेला अभ्यास २०२२ मध्ये 'कम्युनिकेशन्स बायॉलॉजी'त आला. युरोपभरच्या ३२४ ठिकाणच्या बीचच्या वाढीची वलये त्यासाठी मोजली गेली. १९५५ ते १९८५ च्या तुलनेत १९८६ ते २०१६ या काळात दक्षिण युरोपात वाढ मंदावली, उत्तरेत उलट वाढली. पुढचा अंदाज असा, की २०९० पर्यंत प्रदेश आणि तापमानवाढ यांनुसार वाढीत २० ते ५० टक्क्यांहून अधिक घट होऊ शकते, सर्वात जास्त दक्षिणेत.

म्हणजे उत्तरेकडे आणि ओलसर डोंगरांत बीच ठीक आहे, असा निष्कर्ष काढावासा वाटतो. शेंड्यांची पाहणी आणि खोडाची वलये एवढेच पाहिले तर तो निघतोही. पण बियांकडे पाहिले की तो टिकत नाही.

बियांचे गणित का बिघडले?

हापूसची कलमे असलेल्या कोकणातल्या माणसाला 'वर्षाआड' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. एका वर्षी झाड लगडते, दुसऱ्या वर्षी विश्रांती घेते. बीचचे त्याहून टोकाचे आहे. काही वर्षे जवळपास काहीच बी नाही आणि मग एका वर्षी जंगलातली सगळी झाडे एकदम लगडतात, जमिनीवर तिकोनी बियांचा सडा पडतो. एक झाड नव्हे, एक जंगलही नव्हे, शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यात एकाच वर्षी. आपल्याकडे सह्याद्रीत कारवी सात-आठ वर्षांनी एकदम फुलते ती याच जातीची खेळी. फरक एवढाच की कारवी फुलून मरते, बीच शेकडो वर्षे हे करत राहतो. इटलीतल्या पोलिनो पर्वतात ६२० वर्षांहून जुने बीच नोंदले गेले आहेत.

या खेळीमागचा हिशेब असा. बीचचे बी उंदीर, रानडुकरे, पक्षी आणि एका पतंगाची अळी यांना फार आवडते. दरवर्षी थोडे थोडे बी आले तर ही मंडळी ते सगळे फस्त करतील आणि त्यांची संख्याही कायम राहील. त्यापेक्षा काही वर्षे त्यांना उपाशी ठेवायचे, संख्या घटू द्यायची आणि मग एकदम इतके बी टाकायचे की खाऊन खाऊन संपणार नाही. दुसरा फायदा परागणाचा. बीचचे पराग वाऱ्यावर जातात आणि स्वतःच्याच परागाने त्याला सहसा बी धरत नाही. सगळ्यांनी एकाच वेळी फुलायला हवे, नाहीतर टरफल भरते आणि आत दाणा नसतो.

आता इतक्या लांबवरच्या झाडांना एकच वर्ष कसे कळते? 'झाडे मुळांतून एकमेकांशी बोलतात' हा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मजकूर इथे लगेच आठवतो. जर्मन वनाधिकारी पीटर वोह्लेबेन यांच्या पुस्तकाने ही कल्पना जगभर नेली. ती गोड आहे, पण बुरशीच्या जाळ्यातून जंगलातली झाडे एकमेकांना सांभाळतात या दाव्यांना पुरेसा पुरावा नाही, असे २०२३ मध्ये 'नेचर इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन'मधल्या आढाव्याने दाखवले. बी धरण्याच्या बाबतीत तर बोलण्याची गरजच नसावी. २०२४ मध्ये 'नेचर प्लांट्स'मध्ये आलेल्या संशोधनानुसार बीच वर्षातला सर्वात मोठा दिवस, म्हणजे २१ जूनच्या आसपासचा दिवस, खूण म्हणून वापरतो. त्यानंतरचे काही आठवडे उष्ण गेले तर पुढच्या वर्षासाठी फुलांच्या कळ्या जास्त धरल्या जातात. सर्वात मोठा दिवस इटलीत आणि स्वीडनमध्ये एकाच तारखेला येतो. सगळ्या झाडांची तापमान 'वाचण्याची' खिडकी एकदम उघडते आणि उष्णतेची लाट मोठ्या प्रदेशावर असली की उत्तरही सगळीकडे एकच येते. निरोप नाही, जाळे नाही. सगळ्यांनी आपापले घड्याळ सूर्याशी जुळवलेले.

व्यवस्था सुरेख आहे, पण ती एका गृहीतकावर उभी आहे. उष्ण उन्हाळा हा क्वचित येणारा प्रसंग असला पाहिजे. गजर महिन्यातून एकदा वाजला तर सगळे जागे होतात. रोज वाजू लागला तर कोणी आज उठतो, कोणी उद्या. उन्हाळे आता वरचेवर उष्ण जातात, त्यामुळे झाडांना खूण दरवर्षी मिळते. पण दरवर्षी लगडण्याइतका साठा त्यांच्याकडे नसतो. परिणामी ती दरवर्षी थोडे थोडे बी धरू लागतात आणि खुणेला पूर्वीसारखी दादही देत नाहीत.

हे पहिल्यांदा स्पष्ट दिसले इंग्लंडमध्ये. तिथे १९८० पासून १२ ठिकाणच्या १३९ झाडांखालचे बी दर शरद ऋतूत मोजले जात होते. दरवर्षी त्याच झाडाखाली जायचे, ठरावीक वेळ बी वेचायचे आणि मोजायचे, एवढेच काम, पण ते ३९ वर्षे न चुकता. मिखाल बोग्डझिएविच, अँड्र्यू हॅकेट-पेन आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये त्याचे विश्लेषण मांडले. एकूण बियांची संख्या वाढली होती. नुसता हा आकडा बघितला असता तर बातमी 'तापमानवाढीने बीचची भरभराट' अशी झाली असती. प्रत्यक्षात वर्षावर्षांतला चढउतार कमी झाला होता, झाडांचा एकमेकांशी मेळ सुटला होता, अळीने पोखरलेले बी वाढले होते आणि परागणाअभावी पोकळ राहिलेलेही. रुजू शकेल असे बी घटले होते.

'हा इंग्लंडपुरता प्रश्न असेल' ही शंका रास्त होती. २०२४ मध्ये 'ग्लोबल चेंज बायॉलॉजी'त युरोपभरच्या ५० दीर्घकालीन नोंदींचा अभ्यास आला आणि चित्र बहुतेक ठिकाणी तेच निघाले. त्यातली एक बारीक गोष्ट मला सर्वात महत्त्वाची वाटते. हा बिघाड फक्त उष्ण प्रदेशांत नाही. ठिकाण मुळात थंड आहे की उष्ण याने फरक पडत नाही, तिथले तापमान किती वेगाने वाढले याने पडतो. 'उत्तरेत बीच सुरक्षित' हा दिलासा इथे संपतो. खोड जाड होत असेल, पाने हिरवी असतील, आणि तरीही त्या जंगलाला पुढची पिढी तयार करणे जड जात असेल.

बी कमी-जास्त झाल्याने माणसाला काय फरक पडतो, असे वाटत असेल तर एक उदाहरण. जर्मनीत बीच लगडला की खाणे मुबलक मिळून जंगलातल्या उंदरांची एक जात, बँक व्होल, प्रचंड वाढते. हे उंदीर हंता विषाणूचा एक प्रकार वाहून नेतात. २०११ मध्ये बीच भरभरून लगडला आणि २०१२ मध्ये देशात हंताचे २,८०० हून अधिक रुग्ण नोंदले गेले. तो तोवरचा उच्चांक होता. त्यामुळे बीचला बी किती आले याकडे तिथले साथरोगतज्ज्ञही लक्ष ठेवून असतात.

एक झाड वाळले, शेजारचे हिरवे कसे?

२०१८ च्या दुष्काळानंतर फ्रँकफर्टच्या परिसरातल्या जंगलांत फिरणाऱ्यांना एक विचित्र दृश्य दिसत होते. एक बीच वाळून कोळ झालेला आणि दहा-वीस पावलांवर दुसरा भरगच्च हिरवा. माती तीच, पाऊस तोच, वयही साधारण सारखेच. सेन्केनबर्ग संस्थेच्या मार्कुस फेनिंगर आणि सहकाऱ्यांनी हेसेन राज्यातल्या जंगलांतून अशा २०० हून अधिक जोड्या निवडल्या, एक निरोगी आणि एक आजारी शेजारी, आणि त्यांचे जनुकीय आराखडे तपासले. २०२१ मध्ये 'ईलाइफ'मध्ये निष्कर्ष आला. जनुकसंचात शंभरहून अधिक जागा अशा सापडल्या, जिथले बारीक फरक दुष्काळात टिकण्याशी जोडलेले आहेत. एखादे 'दुष्काळरोधक जनुक' नाही, अनेक छोट्या छोट्या गोष्टींची बेरीज.

ही बीचबद्दलची आजची सर्वात आशादायक बातमी आहे. टिकण्याची क्षमता बाहेरून आणायची गरज नाही, ती त्याच जंगलात विखुरलेली आहे. निसर्गानेही निवड करायला हरकत नाही. दर हेक्टरी हजारो रोपे उगवली, त्यातली कमकुवत दुष्काळात गेली, तर उरलेले जंगल आपोआप काटक होत जाईल.

पण या वाक्यात 'हजारो रोपे उगवली' हे गृहीत धरले आहे. निवड करायला आधी भरपूर उमेदवार लागतात आणि उमेदवार येतात बियांतून. ज्या बियांतून बीचची सुटका होऊ शकते, तेच बी रुजण्याच्या लायकीचे कमी होते आहे. वाळलेले शेंडे आणि पोकळ बी या दोन वेगळ्या बातम्या म्हणून छापून येतात. खरे तर दुसरीमुळे पहिलीवरचा उपाय अवघड होतो.

अमेरिकेतल्या बीचचे दुखणे वेगळे

अटलांटिकपलीकडे अमेरिकन बीच ही वेगळी जात आहे आणि तिला दुष्काळापेक्षा आगंतुकांनी जास्त छळले आहे. १८९० च्या सुमारास युरोपातून आलेला एक खवले कीटक कॅनडातल्या हॅलिफॅक्समध्ये उतरला. त्याने सालीला पाडलेल्या जखमांतून बुरशी शिरते आणि झाड कुजते. ती साथ आजही सुरू आहे. त्यात २०१२ मध्ये ओहायो राज्यात पानांचा नवा रोग दिसला. पान उन्हाकडे धरले की शिरांच्या मधोमध गडद पट्टे दिसतात, पुढे पान चामड्यासारखे जाड होऊन आक्रसते. कारण निघाले एक सूत्रकृमी. आपल्याकडचे डाळिंब आणि टोमॅटो उत्पादक सूत्रकृमीला मुळांवरच्या गाठींवरून ओळखतात. हा मात्र मुळात नाही, पानाच्या कळीत हिवाळा काढतो आणि पान उमलायच्या आतच त्याचे नुकसान करून ठेवतो. त्याची जवळची जात जपानमधल्या बीचवर सापडली आहे. न्यू जर्सी, न्यूयॉर्क, पेन्सिल्व्हेनिया, मॅसॅच्युसेट्स या राज्यांत हा रोग पोचला आहे. तिथे राहणाऱ्या मराठी वाचकांनी जवळच्या पार्कमधल्या बीचचे पान एकदा उन्हाकडे धरून बघावे. पट्टे दिसले तर राज्याच्या वनखात्याला फोटो हवेच असतात.

मग लावायचे काय?

यावर जर्मनीत सरळसरळ तट पडले आहेत. एक गट म्हणतो, बीचचा हट्ट सोडा. डग्लस फर, अमेरिकन लाल ओक, तुर्कस्तानातला हेझेल अशी उष्णता सोसणारी परदेशी झाडे लावा. लाकूड उद्योगाला हे पटते, कारण करवत गिरण्यांना सरळ, मऊ लाकूड हवे आहे. दुसरा गट म्हणतो, काही लावूच नका. जंगल तोडून विरळ करणे थांबवा, छत्र मिटलेले राहू द्या, आत गारवा राहील, बीच स्वतःला सांभाळेल. तिसरा गट मधला. बीच ठेवा, पण बी निवडून आणा आणि त्यात ओक, मेपल, लिंडेन मिसळा. बाल्कन प्रदेशातल्या किंवा कॉकेशसकडच्या बीचचे बी मध्य युरोपात आणून पाहण्याचे प्रयोगही सुरू आहेत.

'काही करू नका' या मताबद्दल मला सहानुभूती आहे. दाट छत्राखालचे जंगल गार राहते हे मोजून सिद्ध झाले आहे आणि उन्हाने साल भाजण्याचा धोका तोडणीनेच वाढतो. पण थुरिंगियातल्या हैनिश राष्ट्रीय उद्यानात, जिथे कुऱ्हाड चालत नाही आणि जे युनेस्कोच्या यादीत आहे, तिथेही २०१८-१९ नंतर बीच मेले. नुसते सोडून देणे पुरेसे नाही. परदेशी झाडांचे म्हणाल, तर स्प्रूसही एके काळी 'झटपट वाढणारे, सरळ, फायद्याचे' म्हणूनच लावला होता. तीच चूक नव्या नावाने करण्याची ही वेळ वाटत नाही. मधला मार्ग कटकटीचा आहे, पण संशोधन त्याच्या बाजूने जास्त बोलते.

कटकट कसली ते रोपवाटिकावाल्यांना विचारावे. जर्मनीत बीचचे बी कुठूनही गोळा करून विकता येत नाही, मान्यता मिळालेल्या जंगलातलेच चालते. झाडांखाली जाळी अंथरून बी वेचतात, पोकळ आणि किडके बाजूला काढतात, वाळवून त्यातला ओलावा आठ-दहा टक्क्यांवर आणतात आणि उणे दहा अंशांच्या आसपास गोठवून ठेवतात. असे ते काही वर्षे टिकते. मातीत पडलेले मात्र पुढच्या वसंतात रुजले तर रुजले, नाहीतर गेले. ही सगळी व्यवस्था 'अधूनमधून भरघोस वर्ष येईल, तेव्हा साठा करून ठेवू' या हिशेबावर चालत आली आहे. थोडे थोडे आणि किडके बी दरवर्षी येऊ लागले तर जाळी दरवर्षी अंथरावी लागेल आणि हाती कमी पडेल. फेनिंगर यांच्या गटासारखे जनुकीय काम इथे कामी येऊ शकते. जाळी कोणत्या झाडाखाली अंथरायची, हे आधी तपासून ठरवता येईल.

घाई यासाठी की बीच घाई करत नाही. दाट जंगलात त्याला पहिले बी धरायला ६० ते ८० वर्षे लागतात. आज रुजलेले रोप आपले पहिले बी टाकेल तेव्हा २०९० उजाडलेले असेल. वाढ निम्म्यावर येण्याचा अंदाज ज्या वर्षासाठी केला आहे, तेच ते वर्ष.